सरप्राइज, आषाढी आणि सात जण: एका वाढदिवसाचा प्रकरण अभ्यास

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला जी प्रकरणं लिहायला लावतात ती बहुतेक गंभीर असतात. व्यसन, घरातली मारहाण, शाळा सुटलेली मुलं. हे प्रकरण तसलं नाही. यात कुणी दवाखान्यात गेलं नाही, कुणाची कायमची भांडणंही झाली नाहीत. एका मुलीच्या वाढदिवसाला पाच जणांनी मनापासून काहीतरी करायचं ठरवलं आणि बावीस तासांत जवळजवळ काहीच ठरल्यासारखं झालं नाही, एवढंच. तरी लिहून काढावंसं वाटलं, कारण चांगल्या मनाच्या माणसांचा गट नेमका कुठे अडतो ते इथे फार स्वच्छ दिसलं.

तारीख ६ जुलै २०२५, वार रविवार. भिंतीवरचं कॅलेंडर कुणी पाहिलं असतं तर त्या चौकोनातच छापलेलं दिसलं असतं: आषाढी एकादशी.

माणसं

नावं देत नाही. आमच्यात हाका गावांवरूनच मारतात, त्याच वापरते. उत्सवमूर्ती म्हणजे नांदेड. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात चाललेली, त्या दिवशी एकवीस पूर्ण. सांगली तिची रूममेट. जळगाव, अकोला आणि बारामती हे वर्गातले मुलगे. बारामतीचा पुण्यात, वारज्यात फ्लॅट आहे आणि मामाची गाडी अधूनमधून त्याच्याकडे असते. सातारा ही ट्रेकवाली, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर. सातवी मी. कर्वेनगरच्या त्याच पीजीत राहते, यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून सगळ्यांची ताई.

पाच जणांनी व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुप काढला. त्यात नांदेड अर्थातच नव्हती, आणि मीही नव्हते. मला ५ तारखेच्या रात्री साडेनऊला, गेट बंद होण्याआधी अर्धा तास, सांगण्यात आलं. पुढच्या आठवड्यात मी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलले आणि त्यांच्या परवानगीने तो ग्रुप वाचला. खालचं सगळं त्यावरून, आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं त्यावरून.

ग्रुपवरचा बेत असा होता. रात्री बाराला केक. पहाटे पाचला निघून सिंहगड, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, तिथेच दुसरा केक. अकरापर्यंत खाली. दुपारी खडकवासल्याला कणीस-भजी, संध्याकाळी बारामतीच्या फ्लॅटवर मॅच. कागदावर उत्तम.

रात्री बारा

आमच्या पीजीचं गेट दहाला बंद होतं. तेव्हा केक गल्लीत स्कूटीच्या सीटवर आणि आम्ही गेटच्या आत. गजांमधून हात बाहेर काढून नांदेडने प्लॅस्टिकच्या सुरीने केक कापला. केकवर फुलबाजीसारखी तडतडणारी मेणबत्ती होती आणि अकोल्याच्या हातात फेसाचा स्प्रे. साताऱ्याने तो जवळजवळ हिसकावून घेतला. बरोबरच केलं. त्या डब्यांत फेस बाहेर ढकलणारा वायू अनेकदा पेट घेणारा असतो, डब्यावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, आणि पेटत्या मेणबत्तीसमोर तो उडवून चेहरे भाजल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. पाहूनही दरवेळी कुणीतरी डबा आणतोच.

मग जळगावने रिवाजाप्रमाणे गजांमधून हात घालून मूठभर केक तिच्या तोंडाला फासला. थोडा तोंडात गेला. केक साधा होता, म्हणजे अंड्याचा.

नांदेड अंडं खाते. वर्षभर खाते. आषाढीला आणि कार्तिकीला मात्र नाही. तिचे आजोबा वारी करायचे, त्यांच्यामागे घरात तेवढं एक राहिलंय. ती काही बोलली नाही, आत जाऊन चूळ भरून आली. गोंगाटाने पीजीच्या काकू जागा झाल्या, दिवा लावला आणि पहिला प्रश्न हाच: "एकादशी लागली संध्याकाळीच. आणि केक खाताय?"

"काकू, उपवास उजाडल्यावर," नांदेड म्हणाली.

दोघींचंही खरं होतं. तिथी ५ तारखेच्या संध्याकाळी सातच्या सुमारास लागली होती आणि दुसऱ्या रात्री नऊनंतर संपणार होती. उपवास मात्र सूर्योदयाला जी तिथी असेल तिचा धरतात. गल्लीतल्या तिघांना या संवादातलं काही कळलं नाही. त्यांना "काकू उठल्या" एवढंच कळलं. तेवढ्यात समोरच्या सोसायटीतून कुणीतरी आवाज दिला, दहा मिनिटांत बीट मार्शल, म्हणजे गस्तीचे पोलीस, मोटरसायकलवरून आले, "चला, घरी जाऊन करा काय ते" म्हणाले आणि गल्ली रिकामी झाली. सकाळी कोण कुणाबरोबर, कुठे, किती वाजता, हे बोलायचं राहून गेलं. ते ग्रुपवर बोलू असं ठरलं. ग्रुपवर नांदेड आणि मी नव्हतो.

सकाळ

सव्वासहाला तिच्या आईचा व्हिडिओ कॉल. हा भाग कुणाच्याच बेतात नव्हता आणि मला विचाराल तर दिवसातला सगळ्यात नीट पार पडलेला कार्यक्रम हाच. नांदेडने न्हाऊन, केस ओले, टॉवेल तसाच गुंडाळलेला, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला. तिकडे आईने ताम्हणात निरांजन, सुपारी आणि स्वतःची अंगठी ठेवलेली. फोनच्या स्क्रीनला कुंकू लावायला बोट पुढे आलं, मग हसून मागे गेलं आणि तिने हवेतच लावल्यासारखं केलं. ताम्हण ओवाळताना ज्योत फोनच्या इतकी जवळ यायची की स्क्रीन पांढरी व्हायची. "दिसायलीस का गं? मला तर नुसता उजेड दिसायलाय." मागून धाकटा भाऊ ओरडला, "आई, कॅमेरा तुझ्याकडंच आहे!" मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी आईने बजावलं: "कुठं बी जा, पण पाण्याच्या कडंला जायचं नाही. धबधबा नको, पूल नको, धरण नको. ध्यानात ठेव." त्यामागे कारण होतं. तीनच आठवड्यांपूर्वी, १५ जूनला, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला होता आणि चार जण गेले होते. नांदेड शहरात बसलेल्या आईला पुणे जिल्ह्यातला प्रत्येक पाणवठा आता त्याच पुलासारखा दिसत होता. नांदेडने हो म्हटलं. दुपारी खडकवासला ठरलाय हे तिला माहीत नव्हतं.

तोवर सातारा आणि जळगाव बाईकवर साडेपाचलाच पुढे गेले होते. वर जाऊन जागा धरायची, ओळखीच्या बाईंना सात ताटं सांगून ठेवायची. साताऱ्याच्या सॅकमध्ये दुसरा केक, अर्धा किलो पायनॅपल. दुकानात उरलेला तोच होता आणि योगायोगाने तो बिनअंड्याचा निघाला.

बारामती गाडी घेऊन पीजीवर पोचला पावणेआठला. झोप. त्याचं दुसरं काही कारण त्याने दिलं नाही, मीही मागितलं नाही.

राजाराम पुलाच्या पलीकडे

कर्वेनगरहून राजाराम पूल ओलांडला की सिंहगड रोड, आणि लगेच पुढे विठ्ठलवाडी. मुठेच्या काठचं ते विठ्ठलाचं देऊळ. त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात, आषाढीला तिथे मोठी यात्रा भरते आणि त्या दिवशी त्या पट्ट्यातली वाहतूक बदलतात. पेपरात येतं, ट्रॅफिक पोलीस आदल्या दिवशी जाहीर करतात. पुण्यात काही वर्षं काढलेल्या आम्हा माणसांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही, कारण एरवी या रोडवर ट्रॅफिक नसणं हीच बातमी असते. पुलावर आम्ही अडकलो. पाऊस भुरभुरत होता. दोन्ही बाजूंनी माणसं चालत देवळाकडे निघालेली. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, हातात तुळस, कडेवर पोरं, एका दिंडीत टाळ आणि एका गाडीवर मोठ्याने लावलेला अभंग.

अर्ध्या तासात गाडी दोनशे मीटर सरकली असेल. बारामती फोनवर रस्ता शोधत होता, अकोला मागच्या सीटवर एजबॅस्टनला, म्हणजे इंग्लंडमध्ये भारताची कसोटी चालू होती तिथे, पाऊस आहे का ते बघत होता. वरून साताऱ्याचे मेसेज येत होते: "कुठे?", "ताटं सांगितली", "कुठे???"

नांदेडने दार उघडलं. "मी दर्शन घेऊन येते," म्हणाली आणि उतरली. सांगली तिच्यामागे, मी सांगलीच्या मागे.

माझ्या मते प्रकरणाचा काटा इथे फिरतो. त्या क्षणापर्यंत तिच्या वाढदिवसाबद्दलचा एकही निर्णय तिने घेतलेला नव्हता. केक कुठला, किती वाजता, कुठे जायचं, काय खायचं. सगळं तिच्यासाठी होतं आणि तिला न विचारता होतं. हा पहिला निर्णय तिने घेतला, आणि तोही असा की बाकीच्यांचा सगळा बेत त्याखाली आला.

रांग लांब होती. अडीच तास लागले. आईबरोबर आलेली, उपासाला वैतागलेली शाळकरी मुलं होती. राजगिऱ्याचे लाडू आणि केळी वाटणारं एक मंडळ होतं. आमच्या पुढे धायरीच्या एक आजी होत्या. सांगलीने त्यांना "हिचा आज वाढदिवस" असं सांगून टाकलं. आजींनी नांदेडला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "मग अजून लग्न नाही?" आम्ही तिघी हसून थकलो. त्यांनीच नंतर तिच्या कपाळाला बुक्का लावला. पावसाने तो नाकापर्यंत ओघळला आणि दिवसभरातल्या प्रत्येक फोटोत तसाच आहे.

वर काय चाललं होतं

सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास. जुलैत वर ढगच असतो. सातारा आणि जळगाव त्या ढगात सात वाजल्यापासून बसून होते. नेटवर्क येऊन-जाऊन. आमचे मेसेज त्यांना एकदम पाच-पाच मिळायचे आणि क्रमही उलटा लागायचा, त्यामुळे "रांगेत आहोत" हा मेसेज त्यांनी गोळेवाडीच्या नाक्यावरची गाड्यांची रांग असा वाचला. तो गैरसमज साहजिक होता. पावसाळी रविवारी वरचा वाहनतळ भरला की वनखात्याच्या नाक्यावर गाड्या थांबवतातच.

दहाला बाईंनी विचारलं, भाकऱ्या टाकू का. जळगावने हो सांगितलं. सात ताटं आली. दोघांनी दोन खाल्ली, एक बांधून घेतलं आणि उरलेली चार पलीकडच्या बाकड्यावर कुडकुडत बसलेल्या, आतकरवाडीहून पायी चढून आलेल्या कॉलेजच्या पोरांना देऊन टाकली. पैसे अर्थात जळगावनेच भरले. साडेअकराला सांगलीचा फोन लागला आणि खरं काय ते कळलं. जळगाव एवढंच बोलला: "बरं." जळगावच्या तोंडून "बरं" आलं की प्रकरण गंभीर आहे हे आम्हाला कळतं.

अमृततुल्य

दुपारी अडीच वाजता सातही जण पहिल्यांदा एकत्र आलो, कर्वेनगरातल्या एका अमृततुल्यमध्ये, म्हणजे चहाच्या दुकानात. तिथे जे झालं ते जसंच्या तसं देते, कारण विश्लेषण म्हणून मी जे लिहीन त्यापेक्षा ते जास्त बोलकं आहे.

जळगाव: "आम्ही पहाटे साडेपाचला उठून काय मूर्ख आहोत का?"

नांदेड: "मला कुणी विचारलं होतं?"

जळगाव: "सरप्राइज विचारून देतात का?"

नांदेड: "मग मी उतरले ते पण सरप्राइजच होतं."

अकोला हसला. बाकी कुणी हसलं नाही. मग सातारा म्हणाली की तिला उपवासाचं माहीतच नव्हतं; सांगली म्हणाली की तिला उपवासाचं माहीत होतं पण वर पिठलं-भाकरी ठरलीय हे माहीत नव्हतं, तिला वाटलं गडावर दही-ताक तरी मिळतंच; बारामती म्हणाला की त्याला फक्त वेळ आणि गाडी एवढंच सांगितलं होतं; आणि जळगाव म्हणाला, "मी सगळं ग्रुपवर टाकलं होतं." टाकलं होतं खरंच. मी वाचलंय. एकशे चाळीस मेसेजांच्या मध्ये, दोन मीम्सच्या खाली.

इथे माझं निदान सांगते. पाऊस, यात्रा आणि बंद गेट यांना दोष देणं सोपं आहे, पण ती तर पुण्याच्या जुलैतली नेहमीची परिस्थिती. अडलं ते दुसरीकडे. सरप्राइजमध्ये माहिती लपवायची असते एका माणसापासून, पण लपवालपवीची सवय लागली की ती सगळ्यांपासूनच लपते. उपवास सांगलीला ठाऊक, जेवण जळगावला, आईची पाण्याची ताकीद मला, आणि तिन्ही गोष्टी एकत्र ठाऊक असलेलं माणूस एकही नाही. ज्या एकीला विचारून दहा सेकंदांत गाठ सुटली असती, तिलाच विचारायची बंदी. शिवाय प्रत्येकाला वाटत होतं की कुणीतरी दुसरा तिला आडून-आडून विचारेल. हे दुसऱ्यावर सोडणं सात जणांत फार बेमालूम होतं. तिघांचा गट असता तर झालं नसतं असं मला वाटतं.

आणि एक. सरप्राइज देणाऱ्याला त्याच्या कष्टांची पावती हवी असते, समोरच्याच्या चेहऱ्यावर, लगेच. जळगाव चिडला तो ताटांच्या पैशांसाठी नाही. चार तास ढगात बसून ज्या चेहऱ्याची वाट पाहिली तो आलाच नाही, म्हणून. हे त्याने मला आठवड्याने सांगितलं, आणि सांगताना भलतीकडे बघत होता.

भांडण मिटवायला कुणी काही केलं नाही. अमृततुल्यवाल्याने तिसऱ्यांदा "अजून काही?" विचारलं, म्हणून उठलो.

वारजे, संध्याकाळ

खडकवासला नांदेडनेच रद्द केला, आईचं कारण सांगून. कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे भिजलेले आणि अर्धवट झोपलेले. फ्लॅटवर गेल्या गेल्या ती गादीवर आडवी झाली आणि दोन तास गाढ झोपली. स्वतःच्या वाढदिवसाला झोपलेल्या मुलीभोवती सहा माणसं हळू आवाजात काय करायचं ते ठरवत बसली होती. मला वाटतं गटाने दिवसभरात एकत्र बसून नीट ठरवलेली पहिली गोष्ट तीच: जेवण.

साबुदाणा आयत्या वेळी भिजत नाही. मग भगर. सांगलीने वरीचे तांदूळ आणि दाणे आणायला अकोल्याला पिटाळलं. दाणे भाजायचं काम जळगावकडे आलं आणि ते त्याने अतिशय गंभीरपणे, एकही न जाळता केलं. फ्लॅटवर मिक्सर नव्हता, म्हणून कूट पोळपाटावर लाटण्याने. जिरं आणि हिरवी मिरची तुपावर, त्यात कूट, पाणी, मीठ, थोडा गूळ, दोन आमसुलं. आमटी रटरटायला लागली तशी नांदेड वासाने उठून बसली. "हे कुणी केलं?" जळगावने लाटणं वर केलं. तिकडचं "बरं" तिथेच संपलं.

एजबॅस्टनला पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला होता, आणि अकोल्याच्या म्हणण्याप्रमाणे हा उशीर आमच्यासाठीच होता. इंग्लंडपुढे ६०८ धावांचं लक्ष्य, शेवटचा दिवस, सात विकेट काढायच्या बाकी. लॅपटॉप खुर्चीवर, आम्ही जमिनीवर, मांडीवर भगरीच्या ताटल्या. आकाश दीपने डावात सहा आणि सामन्यात दहा बळी घेतले, इंग्लंड २७१ वर संपलं, भारत ३३६ धावांनी जिंकला. त्या मैदानावर कसोटीतला भारताचा पहिलाच विजय. रात्री साडेनऊच्या पुढची वेळ होती. अकोला नाचत होता, नांदेडही नाचली, आणि मग सांगलीने घड्याळ पाहिलं.

दहाचं गेट. वारजे ते कर्वेनगर रविवारी रात्री वीस मिनिटं धरा. आम्ही पोचलो सव्वादहाला. काकूंनी कुलूप काढलं, रजिस्टरमध्ये तिघींच्या नावापुढे वेळ लिहायला लावली आणि म्हणाल्या, "वर्षातून एकदाच येतो ते बरंय."

नंतर

पायनॅपल केक सिंहगडावर जाऊन-येऊन बारामतीच्या फ्रिजमध्ये राहिला होता. सोमवारी द्वादशीला तिने उपवास सोडला आणि तो कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कापला. एका बाजूला चेपला होता. तोंडाला कुणी फासला नाही.

हिशेब आठवडाभर चालला. पहिला केक आणि गाडीचं पेट्रोल कॉन्ट्रीत, म्हणजे सगळ्यांच्या वर्गणीत, यावर वाद नव्हता. सात ताटांवर झाला. सातारा म्हणाली, खाल्ली त्यांनी द्यावेत. जळगाव म्हणाला, मग चार ताटं त्या अनोळखी पोरांकडून वसूल करा. शेवटी नांदेडने पाच ताटांचे पैसे देऊ केले आणि तेव्हा सगळेच तिच्यावर ओरडले. आता ती रक्कम सहा जणांत वाटली आहे. बारामतीने त्याचा वाटा अजून दिलेला नाही.

पुढचा वाढदिवस अकोल्याचा, डिसेंबरात. नवा ग्रुप काढलाय, आणि त्यात या वेळी अकोल्यालाही घेतलंय. पहिला मेसेज जळगावचा होता: "त्या तारखेला काय काय आहे ते आधी सगळ्यांनी लिहा." अकोल्याने खाली लिहिलं, "टेस्ट मॅच असली तर मला कुठेही नेऊ नका."